पिकअप आणि एसयूव्ही एकाच दावणीला नकोत

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



१२ सप्टेंबर २०२३ रोजी वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात आपण डिझेल गाड्यांवर आणखी १० टक्के जीएसटी लावण्याची भाषा केली. हा प्रदूषण कर समजावा आणि तसे पत्र आपण अर्थमंत्र्यांना देणार आहोत, असेही सांगितले. भाषणाची बातमी पसरताच महिंद्रा, टाटा मोटर्स, अशोक लेलँड यांचे शेअर घसरले. त्याच दिवशी, असा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन नाही, असा खुलासा आपल्याला करावा लागला. बाजार सावरला, प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात माजी पेट्रोलियम सचिव तरुण कपूर यांच्या समितीची शिफारस बाहेर आली होती: दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात. सरकारने ती स्वीकारलेली नाही. पण पुणे हे दहा लाखांवरचे शहर आहे, आणि शिरूर आणि दौंड तालुक्यांचा कांदा, भाजी, फुले आणि दूध याच पुण्याच्या वाटेला लागतात. त्यामुळे दिल्लीत डिझेलचे नाव निघाले की इकडे शिरूरच्या न्हावऱ्यात आणि दौंडच्या केडगावात कान टवकारले जातात.

हे पत्र डिझेलची वकिली करण्यासाठी नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केले आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सांगायचे ते एवढेच, की ‘डिझेल गाडी’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी गिऱ्हाइके उभी आहेत, आणि सरकार बोलते तेव्हा दोघांना एकाच दावणीला बांधते.

पहिले गिऱ्हाईक पाहायचे तर संध्याकाळी भीमेकाठच्या एखाद्या वस्तीवर जावे. पाणंदीत पिकअप मागे घेतलेली असते, फाळका पाडलेला. हौद्यात आधी कांद्याच्या गोण्यांची थप्पी, वर फ्लॉवरची पोती, सगळ्यात वर कोथिंबिरीच्या जुड्या आणि त्यावर भिजवलेला बारदाना. माल एकाचा नसतो, चार-पाच जणांचा असतो. गाडी गावातल्याच एखाद्या पोराची, फायनान्सवर घेतलेली. महिन्याचा हप्ता तोंडावर असतो. पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानातून डांबरीपर्यंतचे दोन-तीनशे मीटर हीच खरी परीक्षा. भरलेली पिकअप पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचा फार आरडाओरडा न करता, चिखलातून निघाली पाहिजे. डिझेल इंजिन ही ओढ कमी फेऱ्यांवर देते. टर्बोचे डिझेल दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच आपला पूर्ण जोर लावते. त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल इंजिनाला त्यासाठी बरेच वर जावे लागते, आणि तिथे क्लच जळतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त असते. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने तिचा वापरही अधिक चांगला होतो. शाळेत कोणी शिकवले नसले तरी चालकाला हे पायाच्या अंगठ्यात कळते. तो म्हणतो, ‘गाडी ओढते.’ गाडी विकत घेताना तो एवढेच विचारतो: ओढते का, आणि ॲव्हरेज किती.

आता ॲव्हरेज. हिशेबापुरते धरून चला, की पिकअप दिवसाला १०० किलोमीटर पळते आणि वर्षात ३०० दिवस कामावर असते. म्हणजे ३० हजार किलोमीटर. डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज १३ धरले तर किलोमीटरला सात रुपयांच्या आत खर्च येतो. तेवढेच वजन ओढणाऱ्या पेट्रोल इंजिनाला लिटरमागे ९ किलोमीटर आणि भाव १०४ रुपये धरला तर खर्च साडेअकरा रुपयांवर जातो. वर्षाचा फरक सुमारे १ लाख ३९ हजार. या पैशात पिकअपचे कित्येक हप्ते फिटतात.

हा फरक अखेर कोणाच्या खिशातून जाईल, ते पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवर दिसते. वर गोण्यांची संख्या, वजन आणि भाव. खाली वजावट: हमाली, तोलाई, वाराई आणि मोटारभाडे. २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घेतली जाते, तो भार उतरला. मोटारभाडे मात्र शेतकऱ्याच्याच नावावर आहे. कांद्याचा भाव बाजार ठरवतो. भाडे वाढले म्हणून कोणी गोणीमागे दोन रुपये जास्त देत नाही. कारखानदार आपला वाढलेला खर्च मालाच्या किमतीत टाकतो, किरकोळ विक्रेताही टाकतो. न्हावऱ्याच्या कांदा उत्पादकाला ती सोय नाही. तेव्हा पिकअपवर बसवलेला प्रत्येक जादा कर पहिल्याच महिन्यात त्या पट्टीवर उतरेल, याबद्दल शंका नको.

(पिकअपवाले कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरतात, पाटे वाढवून घेतात, हेही खरे आहे. त्याचे समर्थन नाही. त्यासाठी काटे आहेत, आरटीओ आहे.)

डिझेलची ही सवय काल-परवाची नाही. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ सालची. त्यानंतरच्या दशकांत विहिरीवर जे ‘इंजिन’ आले ते डिझेलचे होते. पाठोपाठ ट्रॅक्टर आला, तोही डिझेलचा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले डिझेल इंजिन मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये घातले. पुढची कित्येक वर्षे बाजारच्या दिवशी माणसांची ने-आण करणारे वडाप याच गाड्यांवर चालले. मे २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ आणली. दोन सिलिंडरचे, जेमतेम ७०० सीसीचे डिझेल इंजिन आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. लोकांनी तिला लगेच ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. तीनचाकीत बसणारा माणूस चारचाकीत आला. अशा रीतीने घरात विहिरीवरचे, शेतातले आणि रस्त्यावरचे अशी तीनही इंजिने एकाच तेलावर चालू लागली. एकच कॅन, एकच पंप आणि गावातला एकच मिस्त्री.

आणि मंत्रिमहोदय, शिरूर तालुका हे तेल नुसते जाळत नाही, ते जाळणारी इंजिनेही बनवतो. अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या रांजणगावात, एमआयडीसीत, फियाट (आताची स्टेलँटिस) आणि टाटा यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना आहे. १२४८ सीसीचे ‘मल्टिजेट’ डिझेल इंजिन इथे तयार होत असे. या एका इंजिनाचा संसार मोठा होता. फियाटच्या पुंटो आणि लिनियात ते होते, टाटांच्या व्हिस्टा आणि मान्झात होते, आणि हरियाणात परवान्यावर बनून मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्येही होते. गाड्यांच्या मासिकांनी त्याला भारताचे ‘राष्ट्रीय इंजिन’ असे गमतीने म्हणायला सुरुवात केली होती. मागणी इतकी, की जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने प्रतिस्पर्धी फियाटशी करार करून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने रांजणगावहून घ्यायचे ठरवले.

ती मागणी कशातून आली होती, हे आठवून पाहण्यासारखे आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, डिझेलचा सोडला नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरला ३२ रुपयांचा फरक! शेतकरी, एसटी आणि मालवाहतूक यांच्या नावाने दिलेले अनुदान शहरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक डिझेलच्या झाल्या. मग जानेवारी २०१३ पासून दरमहा थोडी थोडी दरवाढ झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळे झाले आणि फरक आक्रसत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ येणार म्हटल्यावर मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले, की आता डिझेल मोटारी बनवायच्या नाहीत. लहान गाडीत धूर साफ करणारी महागडी यंत्रणा बसवली तर किंमत परवडत नाही, असे त्यांचे गणित होते. २०२० मध्ये रांजणगावचे ते छोटे मल्टिजेटही थांबले. आज प्रवासी गाड्यांत डिझेलचा वाटा पाचात एकाच्या आसपास राहिला आहे.

कोणी बंदी घातली नव्हती. भावातली विकृती काढली, धुराचा नियम कडक केला आणि गिऱ्हाईक आपणहून बाजूला झाले. ज्या माणसाची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते, त्याला डिझेलमागे किलोमीटरला दोन रुपये वाचतात असे धरले तरी वर्षाचे १६ हजार होतात. गाडी घेताना डिझेलसाठी एक-सव्वा लाख जादा मोजलेले वसूल व्हायला सहा ते आठ वर्षे लागतात. तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाने किंवा मेडिकलवाल्याने हा हिशेब पाच मिनिटांत केला आणि सीएनजी घेतली. म्हणजे डिझेलची मागणी ही आंधळी हौस नसते. निदान सगळ्यांची नसते.

आता दुसरे गिऱ्हाईक. लग्नसराईत चौफुल्याच्या एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर पार्किंगवर नजर टाकली तरी ते दिसेल. पांढऱ्या रंगाच्या, उंच, काळ्या काचांचा मोह न आवरलेल्या गाड्यांची रांग. कारखान्याचे संचालक, ठेकेदार, जमिनीचे व्यवहार करणारे, आणि एमआयडीसीत जमीन गेल्यावर हातात पैसा आलेले. गाडीत बहुधा एक माणूस असतो, फार तर दोन. यांना डिझेलच हवे असते, कारण दोन टनांच्या आसपासची गाडी पेट्रोलवर चालवली तर टाकी बघता बघता रिकामी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये टोयोटाने इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल मॉडेलची नोंदणी थांबवली, नोव्हेंबरमध्ये पेट्रोल-हायब्रिड हायक्रॉस दाखवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रिस्टाची नोंदणी पुन्हा सुरू केली. ती आली ती फक्त डिझेलमध्ये. गिऱ्हाइकाने कंपनीला मागे फिरवले, असे क्वचित होते. रांजणगावचेच उदाहरण पुढे न्यायचे तर छोटे मल्टिजेट गेले, पण दोन लिटरचे मोठे मल्टिजेट तिथेच बनते आणि जीप कंपास, टाटा हॅरियर, सफारी यांच्यात बसते. छोटे डिझेल गेले आणि मोठे राहिले, असा हा उलटा न्याय आहे.

खरे तर बीएस-६ ची यंत्रणासुद्धा या दुसऱ्या गिऱ्हाइकाला साथ देत नाही. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला सगळे ‘डीपीएफ’ म्हणतात. गाडी महामार्गावर बराच वेळ एका लयीत पळाली, की गाळणी तापते आणि साठलेली काजळी आपोआप जळून जाते. सोलापूर रस्त्याने भरल्या गाडीने ६० किलोमीटर जाणाऱ्या पिकअपला हे सहज जमते. घर, पतसंस्था, बाजार समिती आणि परत घर अशी फिरणारी एसयूव्ही मात्र गाळणी तुंबवून घेते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, वर्कशॉपचे बिल येते. मग कोणीतरी सांगते, की डीपीएफ काढूनच टाका. काही जण काढतातही. अशी गाडी पीयूसी केंद्रावर अडायला हवी. किती अडतात, हे आपले खाते जाणतेच.

कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सला उत्सर्जनातील गैरप्रकारामुळे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. वडापवाल्यांची ही लाडकी गाडी. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा उत्सर्जन-चाचणीतला घोटाळा अमेरिकेत उघड झाला. पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या चाचण्यांनंतर त्याच डिसेंबरात भारतातल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्यांच्या दुरुस्तीची घोषणा झाली. त्या कंपनीचा कारखाना चाकणला, शिक्रापूरहून सरळ रस्त्यावर. कागदावरचा धूर आणि रस्त्यावरचा धूर यांत अंतर असते, हे तेव्हा सिद्ध झाले. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचा नियम आला, तो म्हणूनच योग्य आहे.

पिकअपवाल्याला पर्याय नकोत, असे मुळीच नाही. नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर सीएनजीचे पंप आले तेव्हा रांगा लागल्या, आणि पुष्कळांनी छोट्या टेम्पोसाठी सीएनजीच घेतली. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेलवर आली होती, आता ती पेट्रोल आणि सीएनजीतच मिळते. जून २०२५ मध्ये टाटांनी ‘एस प्रो’ आणली, ३ लाख ९९ हजारांपासून, पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशी. डिझेलचे नावही नव्हते. गंमत पुढे आहे. तीनच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, त्याच कंपनीने ‘एस गोल्ड प्लस’ हा डिझेलचा टेम्पो ५ लाख ५२ हजारांना बाजारात उतरवला आणि जाहिरात केली ती देशातला सर्वांत स्वस्त डिझेल मिनी ट्रक म्हणून. धूर साफ करण्यासाठी युरियाचे पाणी भरायची कटकट नाही, हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला गेला. बाजाराची नाडी टाटांना कळत नसेल, असे कोण म्हणेल?

शहरातल्या शहरात पार्सल पोचवायला इलेक्ट्रिक टेम्पो उत्तम. पण दीड टन माल घेऊन वाशीच्या बाजारापर्यंत जाऊन, बोरघाट चढून, दुसऱ्या दिवशी परत रानात उभे राहायचे असेल, तर चार्जिंग कुठे करायचे? गावठाणात वीज असते, माणसे मात्र वस्त्यांवर राहतात, आणि तिथली लाइन शेतीपंपाच्या फीडरवर. थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. शिरूर तालुक्यात बिबट्याने माणसे मारल्यावर लोकांनी रस्ते अडवून दिवसा वीज मागितली. रात्री मोटर चालू करायला जाण्याचीच जिथे धास्ती, तिथे रात्रभर गाडी चार्जिंगला लावा, हे सांगणे जरा सोपेच झाले.

इथे आपल्याच आवडीचा विषय येतो: इथेनॉल. दौंड आणि शिरूर ही उसाची राने. ऊस कारखान्यात जातो, इथेनॉल होते आणि पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल लागते, पेट्रोल त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे ऊसवाला ज्या इंधनात आपला ऊस ओततो ते त्याच्या दुचाकीत जाते. त्याचा ट्रॅक्टर, त्याची पिकअप, ऊस ओढणारी ट्रॉली यांना त्याचा उपयोग नाही. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयत्न फसला आणि आता १० टक्के आयसोब्युटेनॉल मिसळून पाहण्याचे काम एआरएआय करत आहे, हे सप्टेंबर २०२५ मध्ये आपणच सांगितले. डिझेलला एकदम निरोप देण्याच्या घोषणेपेक्षा या एका प्रयोगात दौंडकरांना जास्त रस आहे. त्या चाचण्यांचे निष्कर्ष, इंजिनावर होणारे परिणाम आणि ॲव्हरेज किती घटते याचे आकडे मराठीत, जाहीरपणे, बाजार समितीच्या फलकावर लागतील असे प्रसिद्ध करावेत.

करांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच चांगली झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या एसयूव्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. म्हणजे दोन गिऱ्हाइके वेगळी मोजता येतात, हे सरकारला माहीत आहे. राज्याने मात्र १ जुलै २०२५ पासून साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर बसवून या सवलतीतला काही भाग आधीच खाऊन टाकला होता. तो सगळा एकदम, गाडी घेताना, कर्जाचे डाऊन पेमेंट जुळवतानाच द्यावा लागतो.

तेव्हा मागणी नेमकी आहे. डिझेलवर जादा कर लावायचाच असेल तर तो चार मीटरपेक्षा लांब खासगी प्रवासी गाडीवर लावा, आणि येणारा पैसा पिकअप बदलण्यासाठी वापरा. पंधरा वर्षांची जुनी, काळा धूर ओकणारी पिकअप मोडीत काढून बीएस-६ घेणाऱ्याला व्याजात सवलत द्या. दिल्लीत दहा वर्षांच्या नियमामुळे बाद ठरलेली डिझेल एसयूव्ही एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात जाते आणि तिथल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर आणखी कित्येक वर्षे धूर सोडते, तिचाही काही विचार व्हावा. गुलटेकडी, केडगाव उपबाजार आणि शिरूर बाजार समितीच्या आवारात मालगाड्यांसाठी वेगवान चार्जिंग उभारा. माल उतरेपर्यंत गाडी तिथे दोन-तीन तास उभीच असते. आणि पुण्यासारख्या शहराची वेस डिझेलला बंद करायची असेल, तर ती तारीख निदान पाच वर्षे आधी राजपत्रात छापा, कारण पिकअपचे कर्ज साधारण तेवढ्याच मुदतीचे असते.

या पत्राचे उत्तर खात्यामार्फत आले तरी चालेल. आयसोब्युटेनॉलच्या चाचण्या कधी संपणार, ती तारीख तेवढी त्यात असावी.